नव्या कॉटन रोलसाठी पेपर सेटिंग बसवताना

मोठ्या इंकजेट प्रिंटरवर दुसऱ्याच कंपनीचा रोल चढवला की पॅनलवर पहिला प्रश्न येतो: कागद कोणता? यादी भलीमोठी असते, पण आपल्या रोलचं नाव काही तीत नसतं. मग बहुतेक जण नावाला नाव जुळवतात. रोलवर ‘फाइन आर्ट’ लिहिलंय ना, मग यादीतलं ‘फाइन आर्ट’ दाबा. कधी जमून जातं, कधी काळा रंग राखेसारखा उतरतो, तर कधी शाई फवारणारं हेड कागदाच्या कडेला घासत जातं. आमच्याकडे २४ इंची, ३०८ जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०८ ग्रॅम वजनाचा) मॅट, म्हणजे बिनचमकीचा, कॉटन रोल होता आणि तो पिगमेंट शाईच्या ४४ इंची प्रिंटरवर बसवायचा होता. ते काम ज्या क्रमाने केलं तोच क्रम इथे मांडतो आहोत. लस्टर (अर्धचमकीचा फोटो कागद), बॅराइटा (बेरियम सल्फेटचा थर असलेला चमकदार फोटो कागद), कॅनव्हास यांनाही तो चालतो. जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

आधी यादीतल्या त्या एका ओळीमागे काय काय असतं ते. मीडिया टाइप, म्हणजे यादीतलं कागदाचं नाव, निवडला की एका फटक्यात बरंच काही ठरून जातं: एवढ्याशा जागेत जास्तीत जास्त किती शाई पडणार, काळी शाई फोटो ब्लॅक वापरायची की मॅट ब्लॅक, हेड कागदापासून किती उंचावरून धावणार, दर फेरीनंतर कागद किती सरकणार, खालचा पंखा त्याला किती जोराने धरून ठेवणार, मध्ये सुकायला थांबायचं का आणि शेवटी कटर चालवायचा का. यातली यांत्रिक सेटिंग्ज नंतर सुटी सुटी बदलता येतात. शाईची मर्यादा आणि काळ्याची निवड मात्र बहुतेक प्रिंटरांत मूळ मीडिया टाइपशीच बांधलेली असते. म्हणून मीडिया टाइप निवडताना फक्त या दोन गोष्टींकडे बघायचं. ‘जाड कागद आहे म्हणून जाड कागदाचं सेटिंग’ ही निवड आम्हाला पटत नाही, कारण जाडी दोन बटणांत दुरुस्त होते, शाई होत नाही.

एक सोपी वाट आहे, ती आधी तपासावी. कागद बनवणारी कंपनी आपल्या नेमक्या प्रिंटर मॉडेलसाठी आयसीसी प्रोफाइल (त्या प्रिंटरवर, त्या कागदावर रंग कसे उतरतात याचं वर्णन करणारी फाइल) देत असेल, तर त्यासोबत एक छोटी सूचना-फाइल असते. तीत मीडिया टाइप, क्वालिटी आणि कधी कधी हेडची उंचीही लिहिलेली असते. मीडिया टाइपचं नाव आपल्या कागदाशी विसंगत वाटलं तरी तेच ठेवायचं. प्रोफाइल त्याच सेटिंगवर छापलेल्या पॅचवरून (रंगांच्या चौकोनांवरून) मोजलेली असते. सेटिंग बदललं की ती प्रोफाइल दुसऱ्याच शाईचं वर्णन करत राहते. अशी प्रोफाइल मिळाली तर शाईच्या चाचण्या वगळून थेट यांत्रिक भागाकडे जाता येतं. आमच्या मॉडेलसाठी ती नव्हती.

रोल खोक्यातून काढून किमान २४ तास प्रिंटरच्याच खोलीत ठेवला. हवेतली आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांच्या मध्ये असली की कॉटन शांत वागतं. त्याहून कोरड्या हवेत कडा वर उचलल्या जातात, दमट हवेत कागदाला लाटा येतात. दोन्हींचा शेवट हेड घासण्यात होतो.

मग जाडी. जीएसएम म्हणजे वजन, जाडी नव्हे, आणि पॅनलला जाडी हवी असते. ३०८ जीएसएमचा मॅट कॉटन साधारण ०.४५ ते ०.५ मिमी भरतो. जवळपास त्याच वजनाचा बॅराइटा घट्ट दाबलेला असल्याने पातळ लागतो, आणि २६० जीएसएमचा लस्टर तर जेमतेम पाव मिलिमीटर असतो. माहितीपत्रकात जाडी कधी कधी मिलमध्ये दिलेली असते. १ मिल म्हणजे ०.०२५४ मिमी. आमच्या रोलचा आकडा १९ मिल होता, म्हणजे ०.४८ मिमी. मायक्रोमीटरने खात्री करताना एकच तुकडा चिमटीत धरू नये. पाच तुकडे एकावर एक ठेवून मोजायचं आणि पाचाने भागायचं, म्हणजे मऊ कागद दाबला जाऊन येणारी चूक आटोक्यात राहते. पॅनलवर ०.१ मिमीच्या पायऱ्या असतील तर ०.५ टाकायचे.

कोटिंगची, म्हणजे शाई धरणारा थर असलेली, बाजू हा मॅट कॉटनचा खास त्रास. ग्लॉसी कागदाची बाजू उजेडात लगेच ओळखू येते. इथे दोन्ही बाजू सारख्याच पांढऱ्या आणि सारख्याच खरखरीत असतात. रोल बहुधा कोटिंग बाहेर ठेवून गुंडाळलेला असतो, पण ‘बहुधा’वर विसंबायचं कारण नाही. कोपऱ्याचा छोटा तुकडा कापून तो ओलसर बोटांच्या चिमटीत धरा. सोडताना जी बाजू बोटाला किंचित चिकटते ती कोटिंगची. उलट्या बाजूवर छापलं की शाई धाग्यांत शिरते, अक्षरांच्या कडा केसाळ दिसतात आणि मीडिया टाइप कितीही बदलला तरी काळा वर येत नाही. शाईच्या चाचण्या काही केल्या जुळत नसतील तर आधी ही बाजू तपासावी.

चढवण्याआधी कागदावरून रुंद, मऊ ब्रश फिरवला. कॉटनचे सुटे धागे पृष्ठभागावर असतात. छापताना शाई त्या धाग्यावर पडते, नंतर धागा गळतो आणि गडद आकाशात पांढरा ठिपका उरतो. हात फिरवून धूळ झटकू नये, बोटांचं तेल कोटिंगवर बसतं.

आता काळा. मॅट कागदाला मॅट ब्लॅक, ग्लॉसी-लस्टर-बॅराइटाला फोटो ब्लॅक, एवढा नियम सगळ्यांना माहीत असतो. यादीतल्या कोणत्या नावामागे कोणता काळा आहे हे मात्र नावावरून कळत नाही. ड्रायव्हरमध्ये (संगणकातल्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये) मीडिया टाइप बदलत गेलं की शाईच्या जागी ते दिसतं. फोटो ब्लॅकवर चालणारी सगळी नावं तिथेच खोडून टाकली. ग्लॉसीवर चुकून मॅट ब्लॅक गेला तर तो वरच बसतो आणि बोटाने पुसला जातो, त्यामुळे चूक लगेच कळते. मॅटवर फोटो ब्लॅक गेला तर काहीच बिघडल्यासारखं दिसत नाही, नुसता काळा फिका येतो, आणि माणूस मग प्रोफाइलला दोष देत बसतो. काही जुन्या मॉडेलांत दोन्ही काळ्या शाईंना एकच वाट असते. दर बदलाला काही मिनिटं जातात आणि बरीच शाई धुण्यात वाया जाते. तिथे मॅटची कामं साठवून एकदम काढावीत. हल्लीच्या बऱ्याच प्रिंटरांत दोन्हींचे नोझल (शाई सोडणारी छिद्रं) वेगळे असल्याने ही कटकट राहिलेली नाही.

गाळणी लावल्यावर तीन नावं उरली: एक पातळ मॅटचं, एक गुळगुळीत फाइन आर्टचं, एक वॉटरकलर कागदाचं. तिघांची शाईची मर्यादा वेगळी. या टप्प्यावर नावावरून अंदाज बांधण्यात अर्थ नसतो, छापूनच बघावं लागतं.

चाचणीची फाइल आरजीबीमध्ये, साधारण ए४ आकाराची केली, कारण हे ड्रायव्हर आरजीबीच घेतात. तीत लाल, हिरवा, निळा, निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा यांच्या पायऱ्या असतात. काळ्याच्या शेवटच्या भागात आरजीबी मूल्य ४० पासून ० पर्यंत चार-चारने उतरणारे चौकोन स्वतंत्र ठेवले, कारण खरी परीक्षा तिथेच असते. शेजारी भरीव काळ्यावर अर्धा आणि एक पॉइंटच्या पांढऱ्या रेघा, काळ्याला खेटून पिवळा पट्टा आणि एक त्वचेच्या रंगांचा फोटो. ही फाइल रंग व्यवस्थापन (सॉफ्टवेअर किंवा ड्रायव्हरने रंग बदलून देणं) पूर्ण बंद ठेवून छापायची, आणि पुढे कामाला जी क्वालिटी वापरणार तीच आताही ठेवायची. क्वालिटी बदलली की फेऱ्यांची संख्या आणि थेंब बदलतात, मग शाईचा निकाल गैरलागू होतो. त्याआधी नोझल चेक हवाच. एक नोझल बंद असताना शाईची मर्यादा ठरवणं म्हणजे नुसती शाई जाळणं.

तुकडे वाळू द्यायचे, निदान तासभर. ओला मॅट काळा जास्त खोल दिसतो आणि फसवतो. मग भिंग.

पातळ मॅटच्या सेटिंगवर छापलेल्या भरीव काळ्यात भिंगाखाली कागदाचे पांढरे कण चमकत होते. पायऱ्या सगळ्या सुट्या दिसत होत्या, रेघा स्वच्छ होत्या, पण सर्वांत खालचा काळा गडद करड्यापलीकडे जात नव्हता: शाई कमी. वॉटरकलरच्या सेटिंगवर याच्या उलट. काळ्याचे शेवटचे तीन चौकोन एकच झाले होते, अर्ध्या पॉइंटची पांढरी रेघ मधेमधे भरून गेली होती, पिवळ्या पट्ट्याच्या कडेला काळ्याचे बारीक तंतू शिरले होते. भरीव भागावर टिश्यू दाबला तर डाग उठत होता, आणि तुकडा तिरका धरला की त्या जागी कागद फुगलेला दिसत होता. ही सगळी लक्षणं एकाच गोष्टीची: कोटिंग जेवढी शाई पिऊ शकतं त्याहून जास्त ओतली गेली. गुळगुळीत फाइन आर्टच्या सेटिंगवर काळा भरीव आला, शेवटचे दोन चौकोन भिंगातून का होईना पण वेगळे राहिले, आणि रेघा उघड्या राहिल्या.

डोळ्यावर सोडायचं नसेल तर स्पेक्ट्रोफोटोमीटरने (रंग मोजणाऱ्या उपकरणाने) काळ्याचं एल मूल्य (उजळपणा; ० म्हणजे पूर्ण काळा, १०० म्हणजे पांढरा) मोजता येतं. चांगल्या मॅटवर ते १५ ते १८ च्या दरम्यान येतं, म्हणजे घनता (काळेपणाचं माप, जास्त म्हणजे गडद) १.६ ते १.७. ग्लॉसीवर घनता २.३ च्या वर सहज जाते, पण तो आकडा मॅटकडून अपेक्षू नये. त्याच्या नादी लागून शाई वाढवत नेणं हीच मॅट कागदावरची सगळ्यात नेहमीची चूक. आमच्या तुकड्यांत पातळ मॅट सेटिंगचं एल २१ च्या आसपास होतं, फाइन आर्टचं १६.८, वॉटरकलरचं १६.५. शेवटच्या दोघांतल्या ०.३ च्या फरकासाठी भरलेल्या रेघा आणि फुगलेला कागद पत्करायचं काही कारण नव्हतं. शाई वाढवूनही एल मूल्य एकानेसुद्धा खाली येत नसेल, तर त्याआधीचं सेटिंग बरोबर. मधलं कुठलंच पटत नसेल तर जवळचं सेटिंग घेऊन शाईची घनता पाच-पाच टक्क्यांनी कमी करत जावं. एप्सनच्या पेपर कॉन्फिगरेशनमध्ये कलर डेन्सिटी म्हणून ती मिळते. वरून खाली येणं बरं, कारण जास्त शाईची लक्षणं स्पष्ट दिसतात.

शाई ठरली. आता यंत्र.

हेडची उंची कागदाला जेवढी कमी चालेल तेवढी ठेवायची. उंची वाढली की थेंबाला जास्त अंतर कापावं लागतं, मुख्य थेंबामागून येणारे बारीक थेंब भरकटतात आणि चार पॉइंटची अक्षरं धूसर होतात. उंची कमी पडली तर कडेला शाईचे फराटे येतात आणि पुढे नोझलला इजा. एप्सनमध्ये नॅरो, स्टँडर्ड, वाइड अशा पायऱ्या असतात, ०.४८ मिमीला आम्ही वाइड ठेवलं. ऑटोवर विसंबलो नाही, कारण ऑटो बऱ्याचदा निवडलेल्या मीडिया टाइपवरून उंची ठरवतो आणि आपला कागद तर तो नाहीच.

घासण्याचा धोका रोलभर सारखा नसतो. रोल संपत आला की आतल्या वेढ्यांचा बाक घट्ट असतो, कागद प्लेटनवर (हेडखालच्या पाटावर) सपाट बसत नाही, आणि सुरुवातीला निर्वेध चाललेली उंची शेवटच्या काही मीटरांत कमी पडते. अशा वेळी आधी पंख्याचा जोर एक पायरी वाढवावा, उंचीला हात नंतर. पातळ कागदाला याच्या उलट: ८०-९० जीएसएमच्या बाँडवर (साध्या ऑफिस कागदावर) जोर जास्त ठेवला की कागद प्लेटनला चिकटून अडखळतो, तिरका चालतो, आणि कधी कधी प्लेटनच्या हवा ओढणाऱ्या भोकांच्या जागी छपाईत फिके पट्टे उमटतात.

उंची बदलली की हेड अलाइनमेंट पुन्हा करायचं, तेही याच कागदावर. हे फार जण विसरतात. हेड जाताना आणि येताना दोन्ही वेळा थेंब टाकतं. उंची बदलल्याने थेंब कागदावर पोहोचायला लागणारा वेळ बदलतो, आणि जातानाच्या व येतानाच्या रेघा एकमेकींवर बसेनाशा होतात. उभी बारीक रेघ दुहेरी दिसते. लोक एकदिशा छपाई चालू करून प्रश्न मिटवतात खरे, पण वेळ जवळपास दुप्पट जातो. अलाइनमेंटला काही मिनिटं लागतात.

मग कागद सरकण्याचं माप. आडवे पट्टे दिसले तर आधी त्यांचा प्रकार ओळखायचा. सगळ्या रंगांत, सारख्या अंतराने फिकी रेघ येत असेल तर कागद गरजेपेक्षा जास्त सरकतोय. गडद रेघ येत असेल तर कमी सरकतोय आणि दोन फेऱ्या एकमेकींवर चढताहेत. रेघ एकाच रंगात असेल तर सरकण्याला हात लावू नये, ती नोझलची तक्रार. स्वयंचलित समायोजन गुळगुळीत कागदावर छान चालतं. खरखरीत कॉटनवर आणि कॅनव्हासवर सेन्सरला नमुना नीट वाचता येत नाही, म्हणून हाताने केलं. ५०० मिमीची रेघ कागद सरकतो त्या दिशेने छापली आणि स्टीलच्या पट्टीने मोजली, ४९८.५ मिमी भरली. ५०० भागिले ४९८.५ म्हणजे १.००३, म्हणून ०.३ टक्के वाढवलं आणि गडद पट्टे गेले. नकाशे-आराखडे छापणाऱ्यांनी लांबीला प्राधान्य द्यावं, फोटोवाल्यांनी पट्टे जाण्याला. कॅननच्या फीड प्रायॉरिटीत ही निवड वेगळी मिळते. दोन्ही हेतू नेहमी एकाच आकड्यावर जुळतील असं नाही.

सुकण्याच्या वेळेला इथे काही लागलं नाही, कॉटन शाई लगेच पितं. फिल्म, बॅकलिट आणि जड शाईचे ग्लॉसी यांना मात्र फेऱ्यांमध्ये थोडा विराम देणं फायद्याचं ठरतं. कटर बंद ठेवला: जाड कॉटन आणि कॅनव्हासने पातं बोथट होतं आणि कापलेले धागे थेट हेडच्या वाटेत उडतात. पुढे-मागे २५-३० मिमी कोरं सोडून हातानेच कापलं.

ही सगळी सेटिंग्ज नवा कागद म्हणून जतन केली. एप्सनला मीडिया इन्स्टॉलर, कॅननला मीडिया कॉन्फिगरेशन टूल. एचपीतही स्वतःचा कागद नव्या नावाने जोडता येतो. नावात कागद, काळा, मूळ मीडिया टाइप आणि क्वालिटी चारही घालावं. यापुढे शाईशी संबंधित काहीही बदलायचं नाही, कारण आता प्रोफाइल करायची.

पॅच छापताना रंग व्यवस्थापन कुठेच चालू नको. फोटोशॉपमधला रंग व्यवस्थापनाशिवाय छापण्याचा पर्याय सीएस५ पासून काढून टाकला आहे, तेव्हा प्रोफाइल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमधूनच छापणं सुरक्षित. पॅच २४ तास मोकळ्या हवेत ठेवून मगच मोजावेत. पिगमेंट शाई हाताला लगेच कोरडी लागली तरी त्यातला ओलावा निघून रंग स्थिर व्हायला वेळ लागतो. घडी किंवा ओरखडा पडलेली ओळ मोजू नये, ती पुन्हा छापावी.

प्रोफाइल झाल्यावरचा सर्वांत सामान्य घोटाळा म्हणजे रंगांचं दोनदा रूपांतर: सॉफ्टवेअर प्रोफाइल लावतं आणि ड्रायव्हरही आपलं रंग-सुधारणेचं काम करतो. छपाई गडद होते आणि त्वचेचे रंग लालसर-जांभळट दिसतात. सॉफ्टवेअरमध्ये प्रोफाइल निवडली असेल तर ड्रायव्हरमध्ये रंग सुधारणा बंदच हवी. रेंडरिंगसाठी (कागदावर न उतरणारे रंग कसे जुळवायचे त्यासाठी) रिलेटिव्ह कलरिमेट्रिक आणि ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन यावर सुरुवात करावी; फार भडक रंगांची फाइल असेल तेव्हाच परसेप्च्युअल बघावं.

शेवटची एक गोष्ट पॅनलवरची. पॅनलवर एक कागद आणि ड्रायव्हरमध्ये दुसरा, अशी फारकत राहिली तर काही प्रिंटर इशारा देऊन थांबतात, काही ड्रायव्हरचं ऐकून पुढे जातात, आणि यांत्रिक सेटिंग नेमकं कोणाचं लागलं ते कळत नाही. म्हणून रोल उतरवताना त्याच्या टोकाला सेटिंगचं नाव आणि उरलेली लांबी लिहिलेली चिठ्ठी लावतो, आणि पुन्हा चढवताना तेच नाव दोन्हीकडे निवडतो. नव्या बॅचचा रोल आला की काळ्याच्या पायऱ्यांची तेवढी पट्टी छापून जपून ठेवलेल्या पट्टीशेजारी ठेवायची. एल मूल्यात एकाच्या आतला फरक असेल तर जुनी प्रोफाइल चालवावी. त्याहून जास्त असेल तर पॅच पुन्हा छापावेत.